धुतलेल्या कणकेचं सुकं : घरच्या घरी सेइतान, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ज्या घरात कुरडया होतात, त्या घरातल्या माणसाला सेइतान समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून पांढराशुभ्र चीक काढायचा आणि चोथा टाकून द्यायचा, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात चालत आलं आहे. सेइतानमध्ये हेच काम उलट बाजूने होतं. इथे चीक बाजूला काढायचा आणि गव्हातला जो चिवट, ताणला जाणारा भाग कुरडईच्या उपयोगाचा नाही, तो जपून ठेवायचा. लहानपणी गावी गव्हाचे दाणे चघळता चघळता तोंडात चिंगम तयार झाल्याचं आठवत असेल, तर हा पदार्थ तुमच्या ओळखीचाच आहे. तो चिंगम म्हणजे ग्लूटेन, गव्हातलं प्रथिन. ते शिजवलं की चांगलं चावून खाण्याजोगं होतं आणि रस्सा पिऊन घेतं.

आम्ही परळला राहतो. घर मासे-मटण खाणारं, श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी बंद ठेवणारं. सहा वर्षांपूर्वी धाकट्या मुलाने मटण कायमचं सोडलं. आधी काही महिने रविवारी त्याच्या ताटात सोयाबीनच्या वड्या, नाहीतर पनीर. एक दिवस तो म्हणाला, "आई, मटणासारखं काही नको करूस. वाटण तेवढं तेच ठेव, आणि त्यात चावायला काहीतरी असू दे." त्या वाक्यावरून मी शोधत गेले आणि सेइतानपाशी थांबले. तेव्हापासून जे शिकले ते इथे लिहिते आहे. त्यातली एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे : गव्हाला डाळीची सोबत द्या. नुसतं गव्हाचं सेइतान वातड होतं आणि पोषणातही अर्धवट राहतं. डाळ किंवा बेसन दोन्ही उणिवा भरून काढतं.

हे आलं कुठून

चीनमध्ये कणीक धुऊन काढलेल्या या पदार्थाला 'म्येनजिन' म्हणतात, म्हणजे पिठातली शीर, स्नायू. मांस न खाणाऱ्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तो शेकडो वर्षं आहे. जपानमध्ये त्याला 'फू' म्हणतात. 'सेइतान' हा शब्द त्या मानाने कालचा, १९६०च्या दशकात जॉर्ज ओहसावा या जपानी आहारप्रचारकाने रूढ केलेला. युरोपात बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने १७२८ साली गव्हाच्या पिठातून ग्लूटेन वेगळं काढून दाखवलं आणि १७४५मध्ये ते छापून आलं.

पण आपल्याला इतक्या लांब जायचं कारण नाही. राजस्थानात 'चक्की की सब्जी' करतात. कणीक मळायची, पाण्यात धुवायची, उरलेला गोळा उकडून वड्या पाडायच्या, तळायच्या आणि दह्याच्या रश्शात सोडायच्या. भुलेश्वर-काळबादेवीच्या जुन्या मारवाडी घरांत ही भाजी आजही होते. मी कणीक धुवायला शिकले ते पुस्तकातून नाही, आमच्या मजल्यावरच्या मारवाडी भाभींकडून. माझा हात धरून त्यांनी दाखवलं की गोळा चोळायचा नाही, मुठीत घेऊन दाबायचा आणि सोडायचा. "बच्चे को नहलाते हैं ना, वैसे," त्या म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्याने माझं काम निम्म्यावर आलं.

कुणी खाऊ नये

सीलिॲक आजार असलेल्यांनी आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी हा पदार्थ खायचा नाही. थोडासाही नाही, चवीपुरताही नाही. पोळीत ग्लूटेन साधारण दहा टक्क्यांच्या आत असतं, इथे जवळजवळ सगळं ग्लूटेनच आहे. पाहुण्यांना वाढण्याआधी 'हे गव्हाचं आहे' असं स्पष्ट सांगा, कारण दिसायला ते गव्हाचं वाटत नाही. गहू खाल्ल्यावर पोट बिघडतं पण तपासणी झालेली नाही, अशी माणसं घरोघरी असतात. त्यांनी परस्पर गहू बंद करू नये, आधी डॉक्टरांकडे जावं. गहू सोडून बराच काळ गेला की सीलिॲकची रक्ततपासणी नीट निकाल देत नाही.

आणखी एक, आपल्या घरांपुरतं. श्रावणात मांसाहार बंद असतो तेव्हा सेइतान चालतं, पण सोमवारच्या किंवा चतुर्थीच्या उपासाला गहू चालत नाही, म्हणून हेही चालत नाही. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी हे विचारून घेतलं होतं.

ताटात नेमकं काय पडतं

बाजारात मिळणाऱ्या सुक्या ग्लूटेन पावडरीत १०० ग्रॅममागे साधारण ७५ ग्रॅम प्रथिन असतं. मैद्यात किंवा कणकेत ते १०-१२ ग्रॅमच असतं. पावडरीत पाणी मिसळून शिजवलं की तयार सेइतानमध्ये १०० ग्रॅमला २० ते २८ ग्रॅम प्रथिन उरतं, पाणी किती घातलं त्यावर ते ठरतं. चरबी नगण्य, कोलेस्टेरॉल शून्य. चोथाही जवळजवळ नाही, त्यामुळे शेजारी कोशिंबीर, पालेभाजी हवीच. बी-१२ जीवनसत्त्व यात नाही. ज्यांनी दूध, दही, अंडीही सोडली आहेत त्यांनी त्याची वेगळी सोय करायला हवी, सेइतानच्या भरवशावर राहू नये.

आता लायसिनबद्दल. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यातली नऊ आपल्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. लायसिन त्यांपैकी एक. गव्हाची बाजू नेमकी इथे लंगडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम लायसिन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम. खाली दिलेल्या पावडरीच्या कृतीचे चार वाटे केले तर एका वाढपात २४-२५ ग्रॅम प्रथिन आहे, तरी लायसिन जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि त्यातलाही चांगला वाटा बेसनाचा. डाळींचं उलट आहे. १०० ग्रॅम प्रथिनामागे हरभरा-तुरीत लायसिन साडेसहा-सात ग्रॅम भरतं, ग्लूटेनमध्ये ते दोन ग्रॅमांपर्यंतही पोचत नाही. मूठभर, साधारण ५० ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण घेतलं तर पाऊण ग्रॅम लायसिन पोटात जातं. त्यावर मटकीची उसळ किंवा वाटीभर दही आलं की दिवसाचं गणित जुळतं. हे सगळं एकाच घासात असावं लागत नाही, दिवसभरात आलं तरी पुरतं.

प्रथिन एकूण किती हवं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत निरोगी प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम धरलं आहे, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. सेइतानचं एक वाढप त्यातलं जवळजवळ निम्मं देतं. त्यामुळे रोज खायची गरज नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा होतं. व्यायामशाळेत जाणारी मुलं आकडा बघून रोज तीन वेळा खायला निघतात, त्यांना माझं सांगणं एवढंच की वरण सोडू नका.

मुंबईत काय, कुठे घ्यायचं

दोन वाटा आहेत. मैदा आणून धुवायचा, किंवा तयार ग्लूटेन पावडर आणायची.

मैदा कुठल्याही वाण्याकडे मिळतो. गिरणीतून दळून आणलेल्या लोकवन गव्हाच्या कणकेचंही सेइतान होतं, पण कोंड्यामुळे गोळा तुटतो आणि धुणं लांबतं, म्हणून पहिल्या वेळी मैदाच घ्या. खपली गहू या कामाला घेऊ नका. त्यात ग्लूटेन असतं, पण कमजोर असतं आणि धुताना पाण्यात विरघळल्यासारखं निघून जातं.

पावडर बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत मागा, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास अशी दुकानं आहेत. पाववाले आणि बेकरीवाले पीठ कमजोर निघालं तर त्यात ती मिसळतात. 'ग्लूटेन पावडर' किंवा 'व्हायटल व्हीट ग्लूटेन' असं म्हणा. नुसतं 'ग्लूटेन' म्हटलं की काही ठिकाणी ग्लूटेन-फ्री पीठ काढून देतात, म्हणजे नेमकं उलटं. पाकिटावर प्रथिनाचा आकडा वाचा. ७०च्या पुढे असेल तर योग्य, १०-१२ असेल तर ते साधं पीठ आहे. सुटी घेत असाल तर वास घ्या. कुबट वास आला तर ठेवून द्या. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः जूननंतर, तिच्या गुठळ्या होतात. पहिल्यांदा अर्धा किलोच्या वर घेऊ नका आणि घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

बाहेर खाताना हे लक्षात असू द्या की सोया चाप नुसत्या सोयाची नसते. तिचे पदर येतात मैद्यामुळे आणि चिवटपणाही बराचसा त्यानेच येतो. गहू वर्ज्य असलेल्यांनी म्हणून ती खाऊ नये. तयार पाकिटांवर ग्लूटेन असलेल्या धान्याचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे, तो शोधा. हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात दूध-दही असू शकतं. तेही नको असेल तर २०२२च्या नियमांनी आलेलं वेगळं वीगन चिन्ह बघा.

पहिली वाट : मैदा धुऊन

एकदा तरी याच पद्धतीने करा. हाताखाली पीठ बदलताना बघितलं की ग्लूटेन काय चीज आहे ते कळतं आणि पुढे पावडर वापरतानाही अंदाज चुकत नाही.

एक किलो मैद्यात चमचाभर मीठ घाला. मीठ ग्लूटेन घट्ट करतं. साधारण ६०० मिलिलिटर पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा. तेल घालू नका, तेलाने ग्लूटेनचे धागे जुळत नाहीत. दहा मिनिटं चांगलं तिंबा, गोळा गुळगुळीत झाला पाहिजे. मग तो मोठ्या पातेल्यात ठेवून बुडेल इतकं गार पाणी ओता आणि दोन तास विसरून जा. हे भिजवणं टाळू नका. भिजलेल्या गोळ्यातला चीक पटकन सुटतो, नाहीतर पाणी दुप्पट लागतं. आमच्या इमारतीत पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून मी पहाटे मळून ठेवते आणि पाणी आलं की धुवायला घेते. मोठी बादलीभर पाणी धरा.

परातीत गोळा घ्या, वर पाणी घाला आणि मुठीने दाबत, सोडत, दुमडत राहा. पाणी लगेच दुधासारखं होईल. पहिली दोन-तीन पाणी एका पातेल्यात गाळून ठेवा, ती पुढे कामाला येतात. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला एक क्षण असा येतो की गोळा फुटल्यासारखा होतो, तुकडे तुकडे सुटतात आणि सगळं वाया गेलं असं वाटतं. घाबरू नका. खाली चाळणी धरा, सगळे तुकडे गोळा करा आणि दाबत राहा. थोड्याच वेळात ते एकमेकांना धरतात आणि स्पंजासारखा, पिवळसर करडा, ताणला तर तुटणार नाही असा गोळा हाताला लागतो. पाणी ताकाच्या निवळीइतपत पातळ दिसलं की थांबा. अगदी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं नाही, थोडा चीक आत राहिला तर सेइतान मऊ होतं.

एक किलो मैद्यातून २५० ते ३०० ग्रॅम ओला गोळा निघतो. चौघांना पुरतो. चाळणीत अर्धा तास निथळू द्या. या गोळ्यात आता बेसन मिसळायचा प्रयत्न करू नका, ते घसरून बाहेर येतं. या पद्धतीत डाळीची सोबत भांड्यात द्यायची, त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरी वाट : पावडरीतून

ही रोजच्या धावपळीतली. १२० ग्रॅम ग्लूटेन पावडर, ४० ग्रॅम बेसन, आलं-लसणाचं वाटण एक चमचा, हळद, धने-जिऱ्याची पूड, मीठ, लिंबाचा रस एक चमचा. बेसन आधी तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून, गार करून घ्या, नाहीतर कच्चट चव राहते. सुकं सगळं आधी नीट मिसळा. वाटण, लिंबू आणि चमचाभर तेल १७० मिलिलिटर पाण्यात कालवून ते एकदम ओता आणि लगेच हाताने एकत्र करा. पाणी थोडं थोडं घातलं तर जिथे पडलं तिथेच गाठ धरते आणि मग काही केल्या मोडत नाही.

दोन-तीन मिनिटंच मळा. पोळीच्या सवयीने आपण तिंबत राहतो, तसं इथे करायचं नाही. जितकं मळाल तितकं वातड होईल. वीस मिनिटं झाकून ठेवा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी, चातुर्मासात, मी लसणाऐवजी हिंग आणि आलं जरा जास्त घालते. चवीत काही कमी पडत नाही.

शिजवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

उकडणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. गोळ्याचा मनगटाएवढा जाड रोल करा, केळीच्या पानात घट्ट गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि मोदकपात्रात ४० मिनिटं उकडा. दादरच्या बाजारात केळीची पानं सहज मिळतात. पान नसेल तर ओल्या पंचात बांधा. कुकरमध्ये करायचं तर शिट्टी काढून ठेवा. घट्ट बांधणं महत्त्वाचं, सैल राहिलं तर ते फुगतं आणि आत पोकळ्या पडतात. सुरी घालून बघा, आतला भाग पिठूळ, चिकट लागत असेल तर आणखी दहा मिनिटं. मैदा धुऊन काढलेला गोळाही असाच उकडता येतो.

दुसरा प्रकार म्हणजे मसाल्याच्या पाण्यात शिजवणं. लिंबाएवढे तुकडे करा, मीठ, मिरी, तमालपत्र, दालचिनी, आलं घातलेल्या गरम पाण्यात सोडा आणि पाऊण ते एक तास मंद आचेवर ठेवा. पाण्यावर बारीक बुडबुडे यावेत, खळखळ उकळी नको. मी पहिल्या वेळी मोठ्या आचेवर ठेवून कपडे वाळत घालायला गेले. परत येऊन बघते तर तुकडे फुगून भांड्याच्या काठाला आलेले, खाताना ओला स्पंज चावल्यासारखे. मोठ्या आचेने आतली वाफ त्यांना फुगवते आणि घट्टपणा जातो. मसाल्याचं पाणी फेकू नका, रश्शाला तेच वापरा. सोया सॉस घालत असाल तर मीठ कमी करा, त्यात आधीच भरपूर असतं.

कुठल्याही पद्धतीने शिजवलंत तरी गार झाल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ताजं सेइतान मऊ आणि पिठाच्या चवीचं लागतं. दुसऱ्या दिवशी ते आवळतं, चव मुरते. शनिवारी उकडायचं, रविवारी रस्सा, हा आमचा शिरस्ता.

मालवणी सुकं

सुरुवात इथूनच करा. रोल सुरीने कापू नका, हाताने बोटभर तुकडे तोडा. तुटलेल्या खरबरीत कडांना मसाला धरतो, सुरीने कापलेल्या गुळगुळीत कडांवरून तो घसरतो.

मटण शिजताना स्वतःची चरबी सोडतं, रश्शाला तवंग येतो. सेइतानमध्ये चरबी नाही, म्हणून ती आपण द्यायची. कढईत दोन मोठे चमचे खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल तापवून तुकडे कडा तांबूस होईपर्यंत परता आणि बाजूला काढा. हे परतणं चुकवलंत तर सुकं बेचव होतं. मग त्याच कढईत एक कांदा बारीक चिरून लाल करा. एका कांद्याच्या उभ्या फोडी आणि अर्धी वाटी सुकं खोबरं वेगवेगळं काळपट होईपर्यंत भाजून, आलं-लसूण-कोथिंबीर घालून वाटण केलेलं असू द्या. दोन चमचे मालवणी मसाला तेलात पडला की लगेच वाटण घाला, तेल सुटेपर्यंत परता, तुकडे आणि बटाट्याच्या फोडी घाला, पेलाभर मसाल्याचं पाणी ओता. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. शेवटी तीन आमसुलं. लालबागहून आणलेला मसाला असेल तर आधी चमचा कमी घालून बघा, तिखटपणा दुकानागणिक बदलतो.

याबरोबर मालवणी वडे करा. वड्यांच्या पिठात तांदळाबरोबर उडीद आणि हरभऱ्याची डाळ असते, म्हणजे गव्हाला लागणारी सोबत आपोआप ताटात येते. आपल्या जुन्या बायकांनी लायसिन हा शब्द ऐकला नव्हता, पण कशाबरोबर काय वाढायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि सोलकढी.

खिमा

गार सेइतान जाड किसणीने किसा. शिजलेला अख्खा मसूर तितकाच घ्या. हे अर्धं-अर्धं प्रमाण मी मुद्दाम ठेवते. नुसत्या सेइतानचा खिमा दाताला रबरी लागतो, मसूर त्याला मऊ करतो आणि पोषणाची कसरही भरतो. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, गरम मसाला, मटार, वरून लिंबू. बेकरीतून आणलेल्या गरम पावाबरोबर माझ्या मोठ्या मुलाने, जो मटण खातो, दोनदा मागून घेतला. उरलेला दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या पॅटिसमध्ये किंवा करंज्यांमध्ये भरा.

भाभींच्या पद्धतीने दह्यात करायचं असेल तर उकडलेल्या वड्या तळून घ्या, दह्यात चमचाभर बेसन घुसळा म्हणजे ते फाटत नाही, जिरं-हिंगाची फोडणी, लाल तिखट, धने पूड आणि दहा मिनिटं मंद आच. इथेही बेसन आहे, आणि दही स्वतः लायसिनचं चांगलं.

काय करू नये तेही सांगते. पांढरा रस्सा करू नका. त्याचा जीव हाडांच्या अर्कात असतो आणि गव्हाला तो अर्क नाही. तांबडा एक वेळ जमतो, तीळ-खसखस भाजून वाटलेली घातली तर. माशाची नक्कल तर अजिबात नको, त्याला कच्चं केळं किंवा सुरण कितीतरी बरं. आणि फणसाच्या दिवसांत कुयरीची भाजी करा, सेइतान थांबेल तिथे.

बिघडलं तर

दाताला रबरासारखं लागलं : पुढच्या वेळी कमी मळा, बेसन दहा ग्रॅम वाढवा. आज झालेलं किसून खिम्यात घाला. फुगून स्पंज झालं : हाताने दाबून पाणी काढा, पातळ चकत्या करून तव्यावर तेलात कुरकुरीत करा. पिठाची चव आली : लिंबू किंवा आमसूल वाढवा आणि एक रात्र फ्रिजमध्ये मुरू द्या. मसाला आतपर्यंत गेला नाही : तुकडे फार मोठे होते.

चीक आणि साठवण

धुतलेलं पहिलं पाणी मोरीत ओतू नका, चीक पाइपात बसून तुंबतो. पातेलं चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ठेवलंत तर आपल्या उकाड्यात ते आंबतं. वरची निवळ हलक्या हाताने ओतून टाका, तळाशी घट्ट पांढरा थर राहील. त्यात मीठ घालून, पाण्यात सैल करून, सतत ढवळत शिजवा. चकाकी आली की चीक तयार. वाटीत घेऊन वर तूप किंवा दूध-साखर. माझ्या सासूबाईंना सेइतानपेक्षा हाच आवडतो आणि मी कणीक धुणार असले की त्या सकाळीच तूप काढून ठेवतात. उरला तर पातळ करून सुती साड्यांना खळ करा.

शिजलेलं सेइतान बंद डब्यात, थोड्या मसाल्याच्या पाण्यात बुडवून, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं. वास आला किंवा वरून बुळबुळीत लागलं तर टाकून द्या. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. मी आषाढाच्या शेवटी तीन रोल करून, तुकडे पाडून, एका जेवणापुरत्या पिशव्या भरते आणि त्यावर तारीख लिहिते. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी खाली फ्रिजमध्ये उतरवा. गडबडीत गरम पाण्यात टाकली की तुकड्यांच्या कडा विरतात आणि परतताना मसाला नीट धरत नाही.